पर्माकल्चर नक्की कोणाकडून शिकायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: दोन वर्षं पर्माकल्चरबद्दल वाचतोय, व्हिडिओ बघतोय, पण मॉलिसन, होल्मग्रेन, लॉटन, होल्झर, फुकुओका एवढी नावं समोर येतात की काही सुधरत नाही. या चळवळीचा प्रमुख कोण? कोणाचं सर्टिफिकेट अधिकृत? ऑनलाइन कोर्स केला तर चालेल का? आणि एकच शिक्षक निवडायचा असेल तर कोण?

पर्माकल्चर म्हणजे निसर्ग कसा चालतो ते बघून शेत, बाग, घर, वस्ती यांची आखणी करायची पद्धत. मी पंधराएक वर्षं तिचे डिझाइन कोर्स शिकवतेय, त्याआधी पाचसहा वर्षं दुसऱ्यांच्या कोर्समध्ये मदतनीस म्हणून राबले, त्यामुळे यातल्या बऱ्याच लोकांचं काम जवळून अभ्यासलंय. उत्तर लांब होणार आहे, कारण "अमुक यांच्याकडे जा" असं एका ओळीत सांगितलं तर ते तुमच्या उपयोगाचं नाही.

आधी प्रमुखाचं बोलू. प्रमुख कोणीच नाही. आणि हे आपोआप झालेलं नाही, ते मुद्दाम तसं बांधलंय. ते का बांधलं हे कळलं की शिक्षक कसा निवडायचा हे निम्मं तिथेच कळतं, म्हणून थोडं मागे जाते.

बिल मॉलिसन १९२८ साली टास्मानियात स्टॅनली नावाच्या छोट्या गावात जन्मला. पंधराव्या वर्षी शाळा सोडली, मग शार्कची मासेमारी केली, जंगलात कामं केली, सॉ मिलमध्ये कामं केली, पुढे ऑस्ट्रेलियाच्या सरकारी विज्ञान संस्थेत वन्यजीव सर्वेक्षणाचं काम मिळालं आणि त्यात त्याने वर्षानुवर्षं जंगलात बसून नुसतं बघितलं. कोणता प्राणी काय खातो, कुठून जातो, त्याच्या खाण्याने जंगल कसं बदलतं. नंतर तो टास्मानिया विद्यापीठात शिकवायला लागला. डेव्हिड होल्मग्रेन हा १९५५ सालचा, होबार्टला पर्यावरण डिझाइन शिकायला आलेला विद्यार्थी. १९७४ साली दोघांची गाठ पडली. दोघं मिळून बाग करायचे, वाद घालायचे, आणि त्यातून होल्मग्रेनने जे लिखाण केलं त्यावर दोघांनी काम करून १९७८ साली 'पर्माकल्चर वन' हे पुस्तक आलं. तेव्हा मॉलिसन पन्नाशीचा आणि होल्मग्रेन जेमतेम तेवीसचा. म्हणजे बघा, ज्याला आज आपण जागतिक चळवळ म्हणतो ती मुळात एका जाणत्या माणसाच्या आणि एका तरुण पोराच्या गप्पांमधून निघालीय.

पुढे दोघांचे रस्ते वेगळे झाले. होल्मग्रेनला वाटलं की आपण अजून कच्चे आहोत, आधी हाताने करून बघू. तो व्हिक्टोरिया राज्यात हेपबर्नला गेला आणि सू डेनेट या जोडीदारीणीबरोबर मेलिओडोरा नावाची साधारण एक हेक्टरची जागा उभी केली, तिथेच ते दोघं चार दशकं राहतायत. त्याचं मोठं पुस्तक यायला २००२ साल उजाडलं, त्यातली बारा तत्त्वं आज जगभर वर्गात शिकवली जातात. मॉलिसनला मात्र घाई होती. जमीन जातेय, जंगलं जातायत, आपल्याकडे वेळ नाही असं तो तळमळून सांगायचा. त्याने विद्यापीठ सोडलं, जगभर फिरला आणि बहात्तर तासांचा कोर्स तयार केला. १९८१ साली त्याला राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला, १९८८ साली त्याचं डिझाइनर्स मॅन्युअल आलं. त्यात चौदा प्रकरणं आहेत आणि आजही बहुतेक सगळे पूर्ण कोर्स त्याच क्रमाने किंवा त्याच्या आसपास चालतात. २०१६ साली तो गेला.

आता मुद्द्याची गोष्ट. मॉलिसनने कोर्सला एक सोपा नियम लावला. ज्याने हा कोर्स पूर्ण केला, तो पुढे दुसऱ्याला शिकवू शकतो. परवानगीसाठी कुठलं मुख्यालय नाही, विद्यापीठ नाही, दरवर्षीची फी नाही. दोनेक वर्षं जमिनीवर काम करून दाखवलं की डिप्लोमा, अशी त्याची कल्पना होती, आणि तोही असाच वरच्या पिढीतल्या लोकांनी बघून द्यायचा. म्हणजे माझं सर्टिफिकेट माझ्या शिक्षकाच्या सहीचं, त्याचं त्याच्या शिक्षकाच्या सहीचं, असं करत करत ती साखळी मॉलिसनच्या पहिल्या वर्गांपर्यंत जाते. घराण्यासारखं आहे हे, गुरू-शिष्य परंपरेतलं. म्हणून "अधिकृत सर्टिफिकेट कोणाचं" या प्रश्नाला खरं उत्तर असं की सगळ्यांचंच आणि कोणाचंच नाही. काही देशांत राष्ट्रीय संघटना आहेत, ब्रिटनची पर्माकल्चर असोसिएशन त्यातली जुनी आणि नीट चालणारी, त्यांच्याकडे डिप्लोमाची पद्धत घट्ट आहे, पण त्यांचा शिक्का दुसऱ्या देशात लागलाच पाहिजे असं काही नाही. जगभरचे लोक अधूनमधून आंतरराष्ट्रीय संमेलनाला जमतात. पहिलं १९८४ साली ऑस्ट्रेलियातच झालं, मग अमेरिका, नेपाळ, मलावी, जॉर्डन, क्युबा, लंडन, २०१७ साली हैदराबाद. पण तिथेही कोणी अध्यक्ष निवडला जात नाही.

या मोकळेपणाचा फायदा प्रचंड झाला. एवढ्या देशांत एवढ्या वेगाने, सरकार किंवा मोठी कंपनी पाठीशी नसताना, ही गोष्ट पोचली ती याच्यामुळेच. पण तोटाही इथेच आहे. दोन आठवड्यांचा कोर्स करून आलेला माणूस तिसऱ्या आठवड्यात शिक्षक होऊ शकतो, आणि होतातही.

हे मी ऐकीव सांगत नाहीये. माझा पहिला कोर्स अशाच एका शिक्षकाकडे झाला, नाव सांगायचं कारण नाही. बोलायला फार छान, स्लाइड सुंदर, स्वेल म्हणजे समतल चर हा जणू सगळ्या रोगांवर एकच औषध. मी परत आले आणि महिन्याभरात एका ओळखीच्यांच्या उताराच्या जमिनीवर चर काढायला घेतला. ए-फ्रेम बनवली: दोन काठ्या वर बांधलेल्या, मध्ये आडवी पट्टी, वरून दोरीला दगड लटकवलेला. ती वापरायच्या आधी पट्टीवर मध्यबिंदू काढावा लागतो. एकदा उभी करून दोरी जिथे येते तिथे खूण, मग पाय उलटेपालटे करून त्याच दोन ठिकाणी परत उभी करून दुसरी खूण, आणि दोन्ही खुणांच्या बरोबर मध्ये तिसरी. ती तिसरी खूण खरी. हे मी नीट केलं होतं. साठ मीटरची रेषा आखली, खणली, माती खालच्या अंगाला बांधासारखी लावली, वर गवताचं आच्छादन टाकलं, फोटो काढले.

जे केलं नाही ते असं. बांधाचा माथा मी तपासलाच नाही. चराचा तळ सपाट होता पण वरची माती एका जागी चार बोटं बसलेली होती, आणि सांडवा कुठे ठेवायचा हा प्रश्न मला पडलाच नव्हता, कारण कोर्समध्ये त्यावर एक स्लाइड होती आणि ती पटकन पुढे गेली होती. पहिला मोठा पाऊस आला. साठ मीटरमधलं सगळं पाणी त्या चार बोटांच्या खाचेकडे धावलं, तासाभरात बांध फुटला आणि खालच्या अंगाला गुडघाभर घळ पडली. चर नसता तर ते पाणी उतारभर पसरून गेलं असतं. मी ते गोळा करून एका जागी सोडलं. वरची सुपीक माती डोळ्यांदेखत वाहून गेली, आणि ती माती माझी नव्हती, विश्वासाने जमीन हाती देणाऱ्या माणसांची होती. ती घळ बुजवायला आम्हाला दोन वर्षं लागली.

नंतर मी त्या शिक्षकाला विचारलं की तुमचा स्वतःचा चर पावसात भरताना तुम्ही किती वेळा बघितलाय. उत्तर मिळालं नाही. तेव्हापासून मी कोणत्याही शिक्षकाकडे या एका नजरेने बघते: याने आपलं काम पावसात, दुष्काळात, पाचव्या वर्षी, दहाव्या वर्षी बघितलंय का, आणि याच्याकडून शिकलेली माणसं आता त्याच्याशिवाय उभी आहेत का.

या नजरेने बघितलं तर माझ्यासाठी पहिलं नाव मॉलिसनचंही येत नाही, ते झिम्बाब्वेच्या झेफनाया फिरी मासेको यांचं येतं. कोर्स वगैरे पुढच्या गोष्टी. १९६४ साली ते रेल्वेत नोकरीला होते, गोऱ्या राजवटीविरुद्ध राजकारणात सक्रिय म्हणून नोकरी गेली, आणि पुन्हा कुठे नोकरी मिळणार नाही असं बजावलं गेलं. घरात खाणारी आठ तोंडं. हातात काय, तर झ्विशावाने भागातली तीन हेक्टर चरून चरून उघडी पडलेली वडिलोपार्जित जमीन, आणि बायबल. जमिनीच्या वरच्या टोकाला ग्रॅनाइटचा मोठा उघडा खडक. पाऊस पडला की त्या खडकावरून पाणी सुसाट खाली यायचं आणि माती घेऊन जायचं. फिरींनी काय केलं, तर पावसात बाहेर उभे राहून पाणी कुठून कसं जातं ते बघितलं. मग खडकावर दगड रचून लहान लहान अडसर घातले, म्हणजे पाणी चालतं व्हावं, धावतं नको. खाली ते पाणी घ्यायला तळी खणली, पण त्याआधी गाळ बसायला वेगळी जागा. एक तळं त्यांच्यासाठी मापकाठीसारखं होतं, पावसाळ्यात ते किती वेळा भरलं यावरून जमिनीत पुढच्या हंगामासाठी किती ओल साठली असेल याचा ते अंदाज बांधायचे. त्याखाली खड्डे, बांध, फळझाडं, शेवटी ओलीत केळी, ऊस, मासे. पाणी जमिनीत पेरायचं, झाडांसारखं, असं ते सांगायचे. तीस-चाळीस वर्षं एकाच जमिनीवर हे चालू होतं. २०१५ साली ते गेले.

आणि त्यांची शिकवण पुढे कशी गेली बघा. १९९५ साली अमेरिकेतल्या टुसॉनचा ब्रॅड लँकॅस्टर त्यांना शोधत शोधत तिथे पोचला. टुसॉन म्हणजे वाळवंटी शहर, वर्षाला जेमतेम २८० मिलिमीटर पाऊस. लँकॅस्टर त्या भेटीने इतका हलला की घरी परतून त्याने आपल्या गल्लीत काम सुरू केलं: रस्त्याच्या कडेचा दगड कापून पावसाचं पाणी गटारात जाण्याऐवजी फूटपाथलगतच्या खोलगट आळ्यांत वळवायचं आणि तिथे त्या भागातली देशी झाडं लावायची. सुरुवातीला हे बेकायदेशीर होतं, त्याने आधी करून दाखवलं, मग महापालिकेने ते कायदेशीर केलं, आज शहर स्वतः तशी कामं करतं. लँकॅस्टर प्रत्येक ठिकाणी फिरींचं नाव घेतो, त्यांची गोष्ट पहिली सांगतो. आफ्रिकेतल्या एका शेतकऱ्याची विद्या अमेरिकेतल्या शहराच्या नियमांत जाऊन बसली, हा प्रवास मला या चळवळीतली सगळ्यात अभिमानाची गोष्ट वाटते. लोक पर्माकल्चर म्हटलं की एकाच दिशेने, ऑस्ट्रेलियाकडून बाकी जगाकडे, असं समजतात. तसं ते कधीच नव्हतं.

आता तुम्ही विचारलेली नावं.

जेफ लॉटन. याने १९८३ साली मॉलिसनकडे कोर्स केला आणि आज शिकवणाऱ्यांत सगळ्यात जास्त ओळखला जाणारा बहुतेक तोच. न्यू साउथ वेल्समधलं झायतुना फार्म हे त्याचं ठिकाण, ६६ एकर, पाण्याची कामं बघावीत तर तिथली. जॉर्डनमध्ये मृत समुद्राजवळ, समुद्रसपाटीच्या साधारण ४०० मीटर खाली, खारट जमिनीत त्याने समतल चर आणि जाड आच्छादन वापरून अंजिराची झाडं वाढवली, तो छोटा व्हिडिओ तुम्ही नक्की बघितला असेल. लॉटनची ताकद म्हणजे मोठ्या जागेवर पाणी आणि यंत्रकाम यांची सांगड. त्याचा ऑनलाइन कोर्स खूप तपशिलात आहे. पण व्हिडिओ बघताना एक सांभाळा. जॉर्डनमधलं यश खरं असलं तरी त्यामागे ठिबक होतं, आच्छादन बाहेरून आणलेलं होतं, रोजची माणसं होती. पाच मिनिटांत हे दिसत नाही, आणि लोक तेवढं बघून कोरड्या माळावर चर काढायला जातात. मी गेले होते तशा.

रोझमेरी मॉरो. हिच्याबद्दल लोकांना फार कमी माहीत असतं याचं मला वाईट वाटतं. ऑस्ट्रेलियातल्या ब्लू माउंटन्समध्ये राहते, व्हिएतनाम, कंबोडिया, अफगाणिस्तान अशा युद्धाने पोळलेल्या देशांत जाऊन तिने शिकवलं, अलीकडे निर्वासितांच्या छावण्यांमधल्या कामात तिचा मोठा वाटा आहे. ती मोठ्या भाषणांवर विसंबत नाही. माणसांना स्वतः करायला लावते, गटात बोलायला लावते, आणि तिथल्या माणसांनाच शिक्षक बनवून आपण बाजूला होते. शिकवायचं कसं यावर तिने वेगळं मार्गदर्शक लिहिलंय, मी स्वतः शिकवायला लागले तेव्हा ते माझ्या पिशवीत कायम असायचं. वर्गात पहिल्या दिवशी जी बाई एक शब्द बोलत नाही तिला तिसऱ्या दिवशी नकाशासमोर उभं राहून बोलता आलं पाहिजे, आणि हे काम शिक्षकाचं आहे, तिचं नाही, हे मला मॉरोमुळे कळलं. पुढे शिकवायचा विचार असेल तर हिच्या पद्धतीचा शिक्षक शोधा.

हिच्याच जातीचं काम म्हणजे पूर्व तिमोरचे एगो लेमोस. १९९९च्या हिंसाचारात देश जळून गेला होता, त्यानंतर त्यांनी पर्माटिल ही संस्था उभी केली, झरे पुन्हा जिवंत करायची कामं केली, तरुणांची शिबिरं घेतली आणि शाळांच्या आवारात बागा करून ते शिक्षण देशाच्या अभ्यासक्रमात नेलं. ते गायकही आहेत, आणि गाण्यातून शिकवतात. ज्या देशात पुस्तकं कमी आणि गाणी घराघरात, तिथे याहून चांगलं साधन कोणतं असणार. २०२३ साली त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी केलेलं मार्गदर्शक पुस्तक चित्रांनी भरलेलं आहे, वाचता न येणाऱ्यालाही चित्रावरून बांध घालता येईल असं. उष्ण पट्ट्यात काम करणाऱ्याने इतर कुठलंही जाड पुस्तक घ्यायच्या आधी ते बघावं असं माझं स्पष्ट मत आहे.

मलावीत स्टेशिया आणि क्रिस्टॉफ नॉर्डिन हे जोडपं आहे. १९९७ साली एचआयव्हीच्या कामासाठी गेले होते. ती आहारतज्ज्ञ, तो सामाजिक कार्यकर्ता. तिथे त्यांना दिसलं की औषधाइतकाच प्रश्न ताटाचा आहे, वर्षभर मका आणि मकाच. मग त्यांनी राहत्या घराभोवती दोनशेहून जास्त प्रकारची खाण्याची झाडंझुडपं लावली आणि घरालाच शाळा केलं. आणि भारतात नरसन्ना कोप्पुला: १९८७ साली मॉलिसन भारतात येऊन गेला, त्या काळातल्या डॉ. वेंकट यांच्या हाताखाली नरसन्ना तयार झाले, पुढे पद्मा कोप्पुला यांच्यासोबत १९९९ साली अरण्य ही संस्था काढली, आणि २०१७चं जागतिक संमेलन भरवलं तेही त्यांनीच. या सगळ्यांत एक साम्य आहे. हे लोक कोर्स घेऊन विमान पकडत नाहीत. ते तिथेच असतात, पुढच्या वर्षी चुकलेलं झाड त्यांनाच दिसतं.

सेप होल्झर आणि फुकुओका यांची जागा वेगळी, ते या कोर्सच्या साखळीतले नाहीतच. होल्झरने १९६२ साली ऑस्ट्रियाच्या डोंगरात, ११०० ते १५०० मीटर उंचीवर, वडिलांचं शेत हाती घेतलं, तळी आणि पायऱ्या केल्या, सरकारी दंड सोसले, आणि आपण करतोय त्याला पर्माकल्चर म्हणतात हे त्याला खूप नंतर कळलं. त्याची निरीक्षणशक्ती अफाट आहे पण ती त्या डोंगराची आहे. लाकडाचे ओंडके पुरून केलेले उंच वाफे थंड ओल्या हवेत झकास चालतात म्हणून कोरड्या गरम जागी कोणी उंच वाफे केले की ते दोन्ही बाजूंनी वाळतात, हे मी कितीतरी ठिकाणी बघितलंय. मासानोबू फुकुओका जपानमधले, नांगरट नाही, खत नाही, तणनाशक नाही, आणि मातीच्या गोळ्यांतून बी पेरणं. मॉलिसनवर त्यांचा प्रभाव होता. फुकुओकांकडून नम्रता घ्या, लगेच तंत्र घेऊ नका, त्यांच्या भातशेतीमागे काही दशकांचं बघणं होतं आणि सुरुवातीला त्यांनी छाटणी अचानक थांबवून वडिलांची संत्र्याची बाग मारली होती, हे त्यांनी स्वतःच प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय.

वनबागेत, म्हणजे जंगलासारख्या थराथरांनी लावलेल्या खाण्याच्या झाडांच्या बागेत, रस असेल तर इंग्लंडच्या मार्टिन क्रॉफर्डचं काम बघा. रॉबर्ट हार्टने सात थरांच्या बागेची कल्पना छोट्या जागेत करून दाखवली, क्रॉफर्डने १९९४ पासून डार्टिंग्टनला साधारण दोन एकरांत शेकडो जाती लावून प्रत्येकाची नोंद ठेवली. काय जगलं, काय मेलं, किती आलं. अशी शिस्त चळवळीत दुर्मिळ आहे. गावाचं, समाजाचं डिझाइन करायचं असेल तर रॉब हॉपकिन्स, आयर्लंडमध्ये किन्सेलला विद्यार्थ्यांबरोबर आखलेल्या आराखड्यातून त्याची ट्रान्झिशन टाउन चळवळ निघाली, म्हणजे गावांनी स्वतःच तेलावरचं अवलंबन कमी करायची चळवळ. स्टारहॉक, लूबी मॅकनमारा, रॉबिन फ्रान्सिस, यांच्याबद्दल प्रत्येकीवर वेगळं लिहावं लागेल. एवढंच सांगते की माणसांची भांडणं, निर्णय, पैसे हे सुद्धा डिझाइनचे विषय आहेत हे चळवळीला पटवून द्यायला स्टारहॉक आणि मॅकनमारा यांच्यासारख्या बायकांना बरंच झगडावं लागलं, आणि जे सामूहिक प्रकल्प बुडालेले मी बघितले ते मातीमुळे कमी आणि माणसांमुळे जास्त बुडाले.

चळवळीवरची टीकाही माहीत असू द्या, कारण चांगला शिक्षक ती लपवत नाही. २०१४ साली फर्ग्युसन आणि लव्हेल या अभ्यासकांनी पर्माकल्चरवरच्या सगळ्या लिखाणाचा आढावा घेतला, त्यात त्यांनी सरळ म्हटलं की ही मंडळी विज्ञानापासून फटकून राहतात आणि दावे फार सोपे करून मांडतात. खरं आहे. दुसरी टीका आदिवासी आणि शेतकरी समाजांच्या ज्ञानाची. मॉलिसनने जगभरच्या लोकांकडून घेतलं, पण पुढच्या कितीतरी शिक्षकांनी ते कोणाचं हे सांगायचं सोडून दिलं. दोन्ही बाबतीत सुधारणा होतेय. २०२४ साली जर्मनी आणि आसपासच्या देशांतल्या नऊ पर्माकल्चर शेतांची शेजारच्या नेहमीच्या शेतांशी तुलना करणारा अभ्यास आला, त्यात मातीतला कार्बन २७ टक्क्यांनी जास्त आणि गांडुळं जवळजवळ तिप्पट निघाली. नऊच शेतं आहेत, त्यावरून साऱ्या जगाचं ठरवू नका, पण मोजायला सुरुवात झाली याचा मला मनापासून आनंद आहे.

आता निवडायचं कसं. शिक्षकाला फोन करा आणि विचारा, तुमची स्वतःची किंवा तुम्ही डिझाइन केलेली सगळ्यात जुनी जागा किती वर्षांची आहे आणि ती बघायला मिळेल का. मिळत असेल तर कोर्सच्या आधी जा, शक्यतो जागा सगळ्यात वाईट दिसते त्या ऋतूत. विचारा की तिथे काय फसलं. जो लगेच, तपशिलात, तारखेसकट सांगतो तो माणूस धरा. जो "निसर्ग सगळं सांभाळतो" म्हणतो त्याला नमस्कार करून निघा. विचारा की तुमच्याकडे शिकलेले तीन जण आता काय करतात, आणि त्यातल्या एकाशी स्वतः बोला. शिक्षकाचं पोट फक्त कोर्सवर चालतं की जमिनीवरही, हे विचारायला संकोच करू नका. फक्त कोर्सवर चालणं पाप नाही, शिकवणं हेही कामच आहे, पण मग तो शेतीतल्या कमाईबद्दल जे सांगेल ते दुसऱ्याकडून तपासून घ्या. आणि हवामान बघा. तुमच्यासारख्याच पावसाच्या, तुमच्यासारख्याच मातीच्या भागात काम केलेला अनोळखी शिक्षक हा जगप्रसिद्ध पण वेगळ्या हवामानातल्या शिक्षकापेक्षा बऱ्याचदा जास्त उपयोगाचा ठरतो.

ऑनलाइनचं म्हणाल तर चालतो, पण अर्धा. तत्त्वं, नकाशा वाचणं, पाण्याचा हिशोब, झोन-सेक्टर (घरापासूनचं अंतर आणि ऊन-वारा-पाणी कुठून येतं ते बघून जागेची वाटणी) हे सगळं ऑनलाइन नीट शिकता येतं. ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीचा अँड्र्यू मिलिसन बरीच वर्षं ऑनलाइन शिकवतोय, त्याचे नकाशावरून पाणी समजावणारे व्हिडिओ फुकट आहेत आणि उत्तम आहेत. जे येत नाही ते म्हणजे हात. माती मुठीत दाबून तिची वळी वळते का तुटते हे स्क्रीनवर कळत नाही, बांधाचा माथा डोळ्याला सरळ दिसतो तरी चार बोटं खाली असतो हे स्क्रीनवर कळत नाही. दुसरं म्हणजे सोबतची माणसं. बहात्तर तास एकत्र राबलेले पंधरा-वीस जण पुढे दहा वर्षं एकमेकांना फोन करतात, माझी ती घळ बुजवायला आले तेही असेच कोर्समधले लोक होते. म्हणून ऑनलाइन करणार असाल तर सोबत एखाद्या चालू जागेवर निदान एक हंगाम राबा. सर्टिफिकेटची काळजी सोडा, मला इतक्या वर्षांत ते दाखवा असं कोणी म्हणालेलं नाही, जागा दाखवा असंच म्हणतात.

एकच नाव द्या असा आग्रह असेल तर: वाचायला होल्मग्रेन, पाण्यासाठी लँकॅस्टर, शिकवायला शिकायचं तर मॉरो, आणि प्रत्यक्ष वर्गासाठी तुमच्यापासून पोचता येईल अशा अंतरावरचा, दहा वर्षं एका जागी टिकलेला माणूस, मग त्याचं नाव कोणी ऐकलेलं नसलं तरी.

आणि कोर्सला पैसे भरायच्या आधी हे करा. येत्या मोठ्या पावसात तुमच्या जागेवर जा, छत्री घेऊन तासभर थांबा. पाणी कुठून आत येतं, कुठे वेग घेतं, कुठे गढूळ होतं, कुठून बाहेर जातं, हे कागदावर बाणांनी काढा. पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासाने परत एक चक्कर मारा, कुठे साचून राहिलंय ते टिपा. तो मळका कागद घेऊन शिक्षकाकडे जा आणि त्याच्यासमोर ठेवा. तो कागदाकडे किती वेळ बघतो आणि तुम्हाला काय काय विचारतो, त्यावरून तुम्हालाच कळेल की तिथे नाव घालायचं का नाही.